ओट्याखालची हवा: लेक पॉवेलच्या हाउसबोटी आणि कार्बन मोनॉक्साइड

पार्श्वभूमी

लेक पॉवेल हे निसर्गाने घडवलेलं तळं नव्हे. कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन धरण उभं राहिलं, १९६३ पासून पाणी अडू लागलं आणि अ‍ॅरिझोना-युटाच्या सीमेवरच्या लाल खडकांच्या घळ्यांत ते शिरत गेलं. तळं पूर्ण भरायला १९८० उजाडलं. आज ते अमेरिकेतल्या जलविहाराच्या मोठ्या ठिकाणांपैकी एक आहे. भोवती वाळवंट, उन्हाळ्यात पारा सहज ३८ अंशांच्या वर. तिथे जाणारी कुटुंबं हाउसबोट भाड्याने घेतात, एखाद्या घळीत नांगर टाकतात आणि चार-सहा दिवस पाण्यावरच राहतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही अशा सहली होतात, म्हणून हे प्रकरण मराठीत सविस्तर मांडावंसं वाटलं.

अशी हाउसबोट म्हणजे तरंगतं घरच. एसी, फ्रिज, मायक्रोवेव्ह सगळं असतं. पण घळीत वीज कुठून येणार? म्हणून बोटीच्या मागच्या भागात पेट्रोलवर चालणारा जनरेटर बसवलेला असतो आणि एसी चालू ठेवायचा तर तोही तासन् तास चालू ठेवावा लागतो.

या जनरेटरचा धूर कुठून बाहेर पडायचा, यात सगळं प्रकरण दडलेलं आहे. बोटीत इंजिनाच्या धुरात थंड करणारं पाणी मिसळतात आणि दोन्ही एकत्र पाण्याच्या पातळीजवळच्या भोकातून सोडतात. याचे फायदे खरे आहेत. आवाज दबतो, पाइप तापून कुणाला चटका बसत नाही, आगीची भीती कमी होते आणि काजळीही दिसत नाही. त्या काळच्या हजारो हाउसबोटींवर हे भोक मागच्या भिंतीत होतं. त्याच भिंतीला लागून, त्या भोकाच्या वर, पोहणाऱ्यांनी पाण्यात उतरावं म्हणून एक सपाट ओटा बांधलेला असे. तिथे त्याला स्विम प्लॅटफॉर्म म्हणतात. वरून ओटा, एका बाजूला बोटीची भिंत, दोन्ही कडांना ओट्याचा खाली उतरलेला भाग आणि तळाला पाणी. म्हणजे धूर सोडायचा तो एका जवळजवळ बंद खोलीत, आणि त्या खोलीचं छप्पर म्हणजेच मुलांची उड्या मारायची जागा.

ही रचना कुणी वाईट हेतूने केली नव्हती. धुराच्या पाइपाचा विचार करणाऱ्याने आवाज आणि उष्णता पाहिली, ओट्याचा विचार करणाऱ्याने पोहणाऱ्यांची सोय पाहिली. दोन्ही गोष्टी एकाच जागी येतात तेव्हा काय होतं, हे पाहणं कुणाच्याच कामात नव्हतं.

काय घडलं

ऑगस्ट २०००. एका कुटुंबातले दोन भाऊ, एक ८ वर्षांचा आणि एक ११ वर्षांचा, हाउसबोटीच्या मागे पोहत होते. पोहता पोहता ते ओट्याखालच्या पोकळीत शिरले. मुलांना अशी जागा आवडतेच: सावली असते, आवाज घुमतो, लपता येतं. पोकळीत जनरेटरचा धूर साठलेला होता. अंदाजे एक-दोन मिनिटांत एक मुलगा बेशुद्ध झाला, दुसऱ्याला झटके येऊ लागले आणि दोघंही पाण्याखाली गेले.

दोघांच्याही रक्तातल्या निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिनला ऑक्सिजनऐवजी कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला आढळला. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ताकदीने धरतो. श्वास चालू असतो, छाती वरखाली होते, पण रक्त रिकामं फिरत राहतं. वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. जनरेटरच्या धुराला जो वास येतो तो इतर घटकांचा. त्यावरून कार्बन मोनॉक्साइड किती आहे हे नाकाला कळत नाही, आणि धुरात पाणी मिसळलं की तो वासही पुष्कळसा कमी होतो.

ही मुलं चांगली पोहत असती, अंगात लाइफ जॅकेट असतं, मोठं माणूस चार हातांवर उभं असतं, तरी फारसा फरक पडला नसता. हवेत वायूचं प्रमाण फार असेल तर माणूस ओरडायच्या आत शुद्ध हरपतो.

प्रश्न नेमका कुठे अडला होता

पाण्यात सापडलेला मृतदेह म्हणजे बुडून मृत्यू, असा पहिला अंदाज कुणीही बांधतो. पोलीस बांधतात, नातेवाईक बांधतात, आणि शवविच्छेदनात मुद्दाम तपासलं नाही तर डॉक्टरही बांधतात. रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी आपोआप होत नाही, ती सांगावी लागते. याच तलावावर आधीच्या वर्षांतही लोक या वायूने गेले होते, कित्येक जण बेशुद्ध होऊन वाचले होते. पण प्रत्येक घटना आपापल्या कागदावर पडून होती. एका बोटीवर डोकेदुखी आणि उलट्या, दुसऱ्या बोटीवर पोहताना घेरी, तिसरीकडे बुडणं. तळ्याच्या काठी बसून पाहणाऱ्याला हे तीन वेगळे अपघात दिसणार.

त्यात लक्षणं फसवी. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं, गळून गेल्यासारखं वाटणं. आपल्याकडे कुणीही म्हणेल, बोट लागली. वाळवंटातल्या उन्हात कुणीही म्हणेल, ऊन लागलं. हातात बिअरचा कॅन असेल तर कुणी काही विचारणारही नाही.

तळ्याचा परिसर राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. मग या उद्यानाशी जोडलेल्या एका आपत्कालीन-सेवा डॉक्टरांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं काम वाटतं. त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या आरोग्य-तपासनीसांनी जुने कागद काढले: रुग्णवाहिकेच्या नोंदी, दवाखान्याच्या नोंदी, उद्यानाचे अहवाल. १९९० ते २००० या काळातली एक यादी तयार झाली. लेक पॉवेल आणि परिसरात कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या १११ जणांची नोंद सापडली. त्यातल्या ७४ बाधा हाउसबोटींवरच्या होत्या आणि या ७४ पैकी ६४ एकट्या जनरेटरच्या धुरामुळे झालेल्या होत्या. कित्येक घटना बंद खोलीत घडल्या नव्हत्या, बाहेर, उघड्या आभाळाखाली घडल्या होत्या.

या यादीसाठी नवं यंत्र लागलं नाही, नवं संशोधन लागलं नाही. कागद एकत्र ठेवायला लागले. हे काम ऑगस्ट २००० च्या आधी पूर्ण होऊ शकलं असतं का? माझं उत्तर हो असं आहे. पण ते कुणाच्या नोकरीच्या व्याख्येत बसत नव्हतं, आणि ज्यांनी केलं त्यांनी ते आपणहून अंगावर घेतलं, हेही तितकंच खरं.

मोजमाप

यादीने जागा दाखवली. आता हवा मोजायची होती. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या रेंजरना कामासाठी हाउसबोटींवर चढावं लागतं, भाड्याच्या बोटींचे कामगार दुरुस्तीसाठी ओट्याखाली उतरतात. म्हणजे प्रश्न कामगारांच्या आरोग्याचाही होता. त्यामुळे अमेरिकेची राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्था, बोलीभाषेत नायोश, तपासाला आली. २००० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांच्या चमूने तळ्यावरच्या हाउसबोटींवर जनरेटर चालू ठेवून मोजमाप केलं.

नायोशच्या मते हवेच्या दर दहा लाख भागांत १२०० भाग कार्बन मोनॉक्साइड असला, म्हणजे १२०० पीपीएम, की ती जागा जिवाला तत्काळ धोका मानायची. ओट्याखालच्या पोकळीत ६,००० ते ३०,००० पीपीएम आढळलं. धोक्याच्या रेषेच्या पाच ते पंचवीस पट. ओट्यावरही, जिथे लोक बसून पाय पाण्यात सोडतात, तिथे वायूचं प्रमाण काळजी करण्याएवढं होतं.

मोटारीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कधीचा सक्तीचा झाला होता. बोटीवरच्या पेट्रोल जनरेटरला त्या काळी असं काही बसवलेलं नसे. म्हणून आकाराने लहान जनरेटरही एखाद्या नव्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक विषारी धूर सोडायचा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हाताशी होता: लोकांना सांगा. बंदरावर फलक, भाड्याची पावती देताना पत्रक, ओट्यावर स्टिकर. खर्च थोडा, काम लगेच सुरू. अडचण अशी की आठ वर्षांचं मूल स्टिकर वाचून पोहत नाही. भाड्याने बोट घेणारं कुटुंब वर्षातून एकदाच येतं, त्याला बोटीबद्दल शंभर सूचना एका तासात ऐकाव्या लागतात. आणि "धुरापासून दूर राहा" या वाक्यातला धूर इथे दिसतच नाही.

दुसरा: लोक पाण्यात असताना जनरेटर बंद ठेवायचा नियम. कागदावर चोख. पण बाहेर चाळीस अंश, आत आजी झोपलेली, एसी बंद करायला कोण तयार होणार? शिवाय बंद केल्याबरोबर पोकळीतली हवा लगेच स्वच्छ होत नाही. साठलेला वायू तिथे रेंगाळतो, म्हणजे इंजिनाचा आवाज थांबला म्हणून जागा सुरक्षित झाली असं धरता येत नाही. याच विचाराचं यांत्रिक रूप म्हणजे पोहण्याची शिडी खाली सोडली की जनरेटर आपोआप थांबवणारं स्विच. तेही शेजारच्या बोटीच्या धुराबाबत काहीच करत नाही.

तिसरा: गजर देणारं यंत्र. बोटीच्या आत झोपणाऱ्यांसाठी हे हवंच, यात दुमत नाही. पण त्या दोन मुलांच्या मृत्यूची जागा बोटीच्या बाहेर, पाण्याच्या पातळीवर होती. आत लावलेल्या गजराला तिथलं काय कळणार?

चौथा: पोकळीच नाहीशी करा. ओटा बदला, किंवा धूर पोकळीच्या बाहेर, बोटीच्या कडेला सोडा. कडेला सोडला तर वारा पडलेल्या घळीत तो बोटीभोवतीच घुटमळतो, आणि दोन-तीन बोटी एकमेकींना बांधून ठेवण्याची तिथली पद्धत पाहता माझ्या बोटीची कड म्हणजे तुमच्या बोटीचं दार.

पाचवा: धूर वर न्या. पाण्यापासून वेगळा करून उभ्या पाइपाने, वरच्या डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्याही डोक्यावरून सोडा. खर्च अधिक, दिसायला बेढब, जुन्या बोटीत पाइप ओढायला जागा काढावी लागते. उत्पादकांना आवाजाची आणि उष्णतेची काळजी वाटत होती. ती रास्त होती, पण मोजूनच ठरवण्याजोगी होती.

सहावा: जनरेटरच असा बनवा की धुरात हा वायू फार थोडा उरेल. २००० मध्ये असं यंत्र बाजारात नव्हतं.

काय केलं

सगळे पर्याय एकदम हाती घेतले गेले नाहीत, आणि क्रम बघण्यासारखा आहे. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लेक पॉवेलची माहिती छापून आली. म्हणजे दुर्घटनेपासून चार महिन्यांत यादी, मोजमाप आणि प्रसिद्धी. उद्यानाने फलक आणि पत्रकं सुरू केली. २००१ मध्ये कोस्ट गार्डने हाउसबोट बनवणाऱ्यांना बोलावलं आणि जनरेटरचा धूर ओट्याखालच्या पोकळीत सोडणाऱ्या बोटी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची प्रक्रिया सुरू झाली.

कोस्ट गार्डच्या पाठबळाने नायोशने उभ्या पाइपाचा पर्याय प्रत्यक्ष बोटींवर तपासला. वारा नसताना, थंड हवा खाली दबून बसलेली असताना काय होतं हेही पाहिलं, कारण अशा हवेत वरचा धूर खाली उतरेल अशी टीका होती. धूर वरून सोडला की मागच्या डेकवरचं वायूचं प्रमाण प्रचंड खाली येत होतं. आवाजाची भीतीही बऱ्याच अंशी अनाठायी ठरली.

मग यंत्रंही बदलली. २००४ च्या सुमारास वेस्टरबीक आणि पाठोपाठ कोहलर या उत्पादकांनी इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रण आणि कॅटॅलिस्ट असलेले, अगदी कमी कार्बन मोनॉक्साइड सोडणारे जहाजी जनरेटर आणले. कमी म्हणजे सुमारे ९९ टक्क्यांनी कमी. चार वर्षांपूर्वी जे बाजारात नव्हतं ते मागणी दिसल्यावर आलं.

परिणाम आणि उरलेलं काम

नव्या हाउसबोटींच्या रचनेतून ती पोकळी आणि तो धूर एकत्र येणं थांबलं. मोठ्या भाडेकंपन्यांच्या ताफ्यांत उभे पाइप दिसू लागले. हे मोठं यश आहे.

जुन्या खासगी बोटींचं काय? हाउसबोट वीस-तीस वर्षं टिकते, चार मालकांच्या हातातून जाते. परत बोलावण्याची उत्पादकाची जबाबदारी कायद्याने ठरावीक वर्षांपुरतीच असते, कंपनी बंद पडली असेल तर पत्र पाठवणारंच कुणी उरत नाही.

शिवाय धोका फक्त जनरेटरचा नव्हता. चालत्या बोटीच्या मागच्या फळीला धरून पाण्यावर घसरत जाण्याचा एक खेळ तिकडे तरुणांत पसरला होता. तोंड थेट धुराच्या भोकाजवळ. त्यातही मृत्यू झाले आणि कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये कायदा करून तो बंद केला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णय शवविच्छेदनाच्या टेबलावरचा. बोटीजवळ पाण्यात मृत्यू झाला असेल तर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासायचाच, एवढा एक नियम १९९० च्या दशकात असता तर यादी आपोआप तयार होत गेली असती. दुसरा, बाधा होऊन वाचलेल्यांची नोंद. मृत्यू थोडे असतात, बेशुद्ध होऊन वाचलेले पुष्कळ असतात, आणि खुणा त्यांच्यातच आधी दिसतात.

पत्रकं वाटणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पहिल्या उन्हाळ्यासाठी दुसरा उपायच हाताशी नव्हता. पण पत्रकावर थांबलं असतं तर पुढच्या प्रत्येक मृत्यूचा दोष आईबापांवर आला असता: वाचलं नाही का, लक्ष नव्हतं का. पाइप वर नेला की आईबापांच्या लक्षावर मुलाचा जीव अवलंबून राहत नाही.

गजराबद्दल इंग्लंडमधली दोन प्रकरणं इथे जोडतो. एप्रिल २०१३ मध्ये विंडरमिअर तलावावरच्या एका क्रूझरमध्ये आई आणि मुलगी गेल्या. इंजिनाच्या कप्प्यात बसवलेल्या सुट्या जनरेटरची घरीच जुळवून बनवलेली धूरनळी सुटली होती. बोटीवर वायू ओळखणारी यंत्रं होती, पण फार जुनी आणि जोडणी नसलेली. जून २०१६ मध्ये नॉरफोकच्या रॉक्सहॅम इथे नांगरलेल्या एका बोटीवर दोघं गेले. इंजिन चालू होतं, मागचं कापडी छत बंद होतं, धूर फिरून आत आला आणि गजर नव्हताच. यानंतर १ एप्रिल २०१९ पासून तिथल्या अंतर्गत जलमार्गांवर झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या बोटींना कार्बन मोनॉक्साइडचा गजर सक्तीचा झाला. गजर आत झोपलेल्यांना वाचवतो, ओट्याखाली पोहणाऱ्यांना नाही. दोन्ही गोष्टी लागतात, आणि एकीने दुसरीचं काम होत नाही.

आपल्या किनाऱ्याशी संबंध

आपल्या मच्छीमार नौका डिझेलवर चालतात आणि डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा बराच कमी असतो. म्हणून लेक पॉवेलची पोकळी जशीच्या तशी इथे नाही. पण तिसरं एक प्रकरण आपल्या तांडेल-खलाशांनी ऐकावं असं आहे. जानेवारी २०१४ मध्ये इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात एका मासेमारी नौकेवर दोन तरुण खलाशी बिछान्यातच मृत सापडले. ऊब यावी म्हणून त्यांनी गॅसच्या शेगडीचा ग्रिल पेटता ठेवून झोप घेतली होती. शेगडीची निगा नव्हती, हवा खेळती नव्हती, गजर नव्हता. पावसाळी वाऱ्यात ताडपत्री ओढून केबिनमध्ये स्टोव्हवर भात चढवणारे आणि तिथेच आडवे होणारे खलाशी आपल्याकडेही आहेत. दल सरोवरातल्या हाउसबोटींवर हिवाळ्यात बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटते, केरळच्या बॅकवॉटरमध्ये एसीसाठी रात्रभर जनरेटर चालतो, तारकर्लीच्या खाडीतही एमटीडीसीने पर्यटकांसाठी हाउसबोटी चालवल्या आहेत.

अशा बोटीवर मुक्काम करायचा तर मालकाला विचारायचे प्रश्न साधे आहेत. जनरेटर कशावर चालतो? धूर नेमका कुठून बाहेर पडतो, जरा दाखवा. झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा गजर आहे का, आणि त्यावर बदलायची तारीख कोणती आहे? गजर बोटीसाठीच्या मानकाचा असावा, कारण घरगुती यंत्र हादरे आणि दमट हवा सोसण्यासाठी बनवलेलं नसतं. मुलांना मागच्या ओट्याखाली जायची मनाई, इंजिन बंद असलं तरी.

आणि एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखू लागलं, पोटात ढवळू लागलं, तर बोट लागली म्हणून लिंबू चोखत बसू नका. आधी सगळ्यांना उघड्यावर, धुरापासून दूर न्या, इंजिन आणि शेगडी बंद करा, मग दवाखाना गाठा. कोविडच्या काळात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे उपयोगाचं नाही: त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि ते ९८ दाखवत राहतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच असावं: आम्ही बोटीवर होतो, जनरेटर चालू होता, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासा.